माशांवर ब्लॉग लिहितेय, पण वाचक कुठून आणू?

खाडीकाठची | १८ मार्च २०२४, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी मूळची देवगड तालुक्यातली, लग्न होऊन पुण्यात आले त्याला बारा वर्षं झाली. ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या बायका सारख्या विचारत असतात, बांगडा ताजा कसा ओळखायचा, मुलांना कुठला मासा आधी द्यायचा, कोळीण फसवते का. सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून नोव्हेंबरात ब्लॉगस्पॉटवर ब्लॉग सुरू केला. आतापर्यंत १९ लेख झाले. 'आठवणींची भरती', 'लाटांशी गुज', 'खारं पाणी, गोड माणसं' वगैरे. लिहायला मजा येते, खोटं का बोलू.

पण वाचायला कुणी येत नाही हो. रोजच्या भेटी ७, ११, ४ अशा. त्यातली एक मी, एक बहीण, आणि बहिणीने आईच्या मोबाईलवर उघडून दिलेलं पान. मध्ये एका दिवशी ४१२ भेटी दिसल्या. मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवल्या. सकाळी त्याने नीट पाहिलं तर सगळ्या सिंगापूरहून, पहाटे तीन ते चारच्या दरम्यान. सिंगापूरला देवगडची एवढी माणसं नाहीत.

तर अनुभवी लोकांनी सांगा, सुरुवातीचे वाचक कसे मिळाले तुम्हाला?

पाटावरवंटा | १८ मार्च, रात्री ११:०५

स्वागत! सिंगापूरची ती माणसं नव्हेत, यंत्रं आहेत. सगळ्यांकडे येतात, चहा न पिता जातात. ब्लॉगस्पॉटचा आकडा त्यांनाही मोजतो. आणि तुमच्या स्वतःच्या भेटी मोजू नका असं आकडेवारीच्या पानावर सांगता येतं, ते आधी करा. आकडा अजून खाली येईल, पण खरा असेल.

दुसरं. ताई, राग मानू नका, पण 'लाटांशी गुज' असं कोण शोधतं?

नळस्टॉप | १८ मार्च, रात्री ११:३१

ब्लॉग? २०२४ मध्ये? लोक आता तीस सेकंदांच्या वर काही बघत नाहीत. रील करा, खाली गाणं लावा, संपलं.

पाटावरवंटा | १८ मार्च, रात्री ११:३४

नळस्टॉपराव, तुम्ही स्वतः इथे रात्री साडेअकराला चारशे ओळींचे धागे वाचत बसता.

कोडकरी | १९ मार्च, सकाळी ८:१२

रील वाईट नाही, पण रील आज आहे, परवा खाली गेली. लेख तीन वर्षांनी पण सापडतो. अट एकच, तो सापडायला हवा. म्हणून आधी तेच तपासू.

गुगलमध्ये 'साइट' हा शब्द इंग्रजीत, पुढे अपूर्णविराम, आणि त्याला चिकटून तुमचा पत्ता टाका. तुमची किती पानं गुगलला माहीत आहेत ते दिसेल. मी आत्ता तुमच्या प्रोफाईलमधला पत्ता टाकून पाहिला. एकही नाही. चार महिने, १९ लेख आणि शून्य पानं? असं होत नाही सहसा. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये जा, गोपनीयता नावाचा भाग आहे, तिथे 'सर्च इंजिनांना दिसू द्या' अशा अर्थाचं एक बटण आहे. ते चालू आहे का?

खाडीकाठची | १९ मार्च, सकाळी ९:५०

बंद आहे.

मीच बंद केलं होतं. नोव्हेंबरात. पहिला लेख टाकला तेव्हा वाटलं, अजून हात बसला नाही, कुणाच्या नजरेस नको पडायला. नंतर साफ विसरले. चार महिने दाराला आतून कडी लावून पाहुणे का येत नाहीत म्हणून विचारतेय मी. नवरा ऑफिसला जाताना जिन्यात हसत होता.

मिसळवाली | १९ मार्च, सकाळी १०:०२

हाहाहाहा! पण खरं सांगू, हे फार जणांचं होतं. लिहिणाऱ्याला वाचक हवा पण असतो आणि नको पण असतो. मी तर पहिलं वर्ष टोपणनावाने लिहिलं आणि नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

कोडकरी | १९ मार्च, दुपारी १:१५

छान, कडी निघाली. आता पुढचं.

गुगलचं सर्च कन्सोल म्हणून फुकट साधन आहे. तुमच्या त्याच खात्याने आत जा, ब्लॉगस्पॉटचा मालक तुम्ही आहात हे त्याला आपोआप कळतं. तिथे साइटमॅपचा पत्ता द्या, म्हणजे १९ पानांची यादी त्याच्या हातात पडेल. लगेच काही होणार नाही. नव्या पत्त्याला गुगल तीन-चार आठवडे सहज ताटकळत ठेवतं. पण नंतर तिथे सोन्यासारखी गोष्ट दिसू लागते: लोकांनी नेमके कुठले शब्द टाकले तेव्हा तुमचं पान समोर आलं. ते शब्द वाचायची सवय लावा, भेटींचा आकडा बघायची नको.

आणि तुमच्या लेखांचे पत्ते बघा जरा. 'ब्लॉग-पोस्ट', 'ब्लॉग-पोस्ट अंडरस्कोर १७', 'ब्लॉग-पोस्ट अंडरस्कोर २३'. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगरला त्यातून पत्ता बनवता येत नाही, तो असे कैदी नंबर देतो. प्रकाशित करण्याआधी उजवीकडे पर्मालिंक म्हणून जागा असते, तिथे रोमन लिपीत दोन-तीन शब्द स्वतः टाकायचे. एकदा प्रकाशित झालं की पत्ता बदलत नाही. लेख परत मसुद्यात न्यायचा, बदलायचा, पुन्हा प्रकाशित करायचा. जुना दुवा मोडतो, पण तुमच्या जुन्या दुव्यांवर सध्या आई आणि बहीण एवढीच गर्दी आहे, म्हणून आत्ताच उरकून घ्या.

वर्डप्रेसवाला | १९ मार्च, दुपारी २:४०

आमच्याकडे उलटं दुखणं. वर्डप्रेस देवनागरी पत्ता घेतं, ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो, आणि व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्के-ई-शून्य-टक्के-ए-चारची मालगाडी होते. देवनागरीतलं एकेक चिन्ह असं नऊ अक्षरांत लिहिलं जातं. 'तिसऱ्या' (शिंपल्यांतली मासळी) हा एवढासा शब्द, त्यात सात चिन्हं, म्हणजे ६३ अक्षरं. माझ्या काकांना वाटलं व्हायरस आहे, त्यांनी उघडलाच नाही. तेव्हा पत्ता रोमन, बाकी सगळं मराठी. यात भाषेचा अपमान वगैरे काही नाही.

जुनीवही | १९ मार्च, सायं. ६:२०

धागा वाचून जुने दिवस आठवले. मी २००७ पासून लिहितो. त्या वेळी मराठी ब्लॉगांची एकत्र सूची देणारी संकेतस्थळे होती, त्यांचे छोटे बोधचिन्ह आम्ही आपल्या पानावर अभिमानाने लावत असू. नवा लेख टाकला की तो सूचीत वर यायचा आणि तासाभरात दहा-वीस माणसे येऊन जायची. घरी गुगल रीडर असायचे, सगळ्या ब्लॉगांचे नवे लेख एकाच जागी दाखवणारे. ते १ जुलै २०१३ रोजी बंद झाले आणि आमच्या वाचकांपैकी निम्मे त्या एका दिवशी हरवले. ते कुठे गेले ते मला आजतागायत कळलेले नाही. पुढे ईमेलने लेख पाठवायची जी सोय ब्लॉगरवर होती, तीही २०२१ च्या जुलैत गेली.

सांगायचे एवढेच, की वाचक ज्या रस्त्याने येतात तो रस्ता आपल्या मालकीचा नसतो. म्हणून ज्यांना खरोखर वाचायचे आहे अशा माणसांचे ईमेल पत्ते एका वहीत लिहून ठेवावेत. माझ्याकडे आज ८६ आहेत. महिन्यातून एकदा मी त्यांना चार ओळींचे पत्र पाठवतो. बाकी सगळे बंद पडले तरी ही वही माझी आहे.

आणि धीर सोडू नका. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले तेव्हा मराठी वर्तमानपत्र वाचायची सवय असलेला एकही माणूस या भूमीवर नव्हता. अर्धा मजकूर मराठी, अर्धा इंग्रजी. वाचक तयार करत करतच ते १८४० पर्यंत चालले.

नळस्टॉप | १९ मार्च, सायं. ६:४४

जांभेकरांना सर्च कन्सोल नव्हतं, ते एक बरं.

दर्याकिनारो | १९ मार्च, रात्री ९:१०

बाय, माका तुझो ब्लॉग गावलो, दोन लेख वाचलंय. बरे आसत. आता मराठीत बोलतो नाहीतर पुणेकर मंडळी रागावतील.

तुम्ही 'पेडवे' लिहिलंय. आमच्याकडे मालवणात बरोबर. पण वर रत्नागिरीत, मुंबईत त्यालाच तारली म्हणतात. तुम्ही 'मोरी' लिहिलीत, मुंबईचा कोळी मुशी म्हणतो. इसवण म्हटलं तर पुण्यात कुणाला कळायचं नाही, तिथे सुरमईच. तेव्हा प्रत्येक लेखात सगळी नावं यायला हवीत. एकाच माशाला चार गावं चार नावांनी हाक मारतात, आणि तुम्ही एकाच नावाने ओ देताय.

मिरामार | १९ मार्च, रात्री ९:३३

गोव्याहून +१. आम्ही इसवण शोधतो, तिसऱ्यो शोधतो. सुरमई आम्हाला हॉटेलच्या मेनूवर भेटते.

रत्नांग्रीकर | १९ मार्च, रात्री ९:५८

आणि तिसऱ्यांना आमच्याकडे मुळे म्हणतात, तेही घाला.

दर्याकिनारो | १९ मार्च, रात्री १०:०४

मुळे वेगळे. त्यांची शिंप जाड असते.

रत्नांग्रीकर | १९ मार्च, रात्री १०:०६

अजिबात वेगळे नाहीत. माझी आजी खाडीत उतरून काढायची.

दर्याकिनारो | १९ मार्च, रात्री १०:०७

माझी पण.

एडिसनकर | २० मार्च, पहाटे ४:२०

भांडू नका, मुद्दा फार मोलाचा आहे. इथे न्यू जर्सीत आम्हाला मासा गोठवलेला मिळतो, पिशवीवर इंग्रजी नाव. किंगफिश म्हणजे सुरमई हे मला कळायला तीन वर्षं लागली. मी शोधताना मराठीच शब्द टाकते, पण रोमन लिपीत, कारण ऑफिसच्या लॅपटॉपवर देवनागरी कळफलक नाही. तेव्हा ताई, लेखात एके ठिकाणी माशाचं इंग्रजी नाव आणि मराठी नावं रोमन लिपीत जरूर लिहा. आम्ही परदेशातले लोक तुमचे हक्काचे वाचक आहोत. भारतात निदान विचारायला कोळीण तरी आहे.

कोडकरी | २० मार्च, सकाळी ८:३०

हा मुद्दा मीच मांडणार होतो. यात अजून एक गुंता आहे. 'तिसऱ्या'मधला तो अर्धा र. कुणी 'तिसऱ्या' टाइप करतं, कुणी 'तिसर्या', आणि जुन्या कळफलकांवर तो तिसऱ्याच पद्धतीने उमटतो. वाचणाऱ्याला एकच शब्द वाटतो, यंत्राला वेगळे. माझ्याच जुन्या लेखात कंट्रोल-एफ करून माझाच शब्द मला सापडला नव्हता. मुद्दाम अशुद्ध लिहा असं म्हणत नाही, पण 'शिंपल्या' हा निर्धोक शब्दही सोबत असू द्या.

मिसळवाली | २० मार्च, दुपारी १२:१५

व्हॉट्सॲपचं कुणी बोललंच नाही अजून. माझे ऐंशी टक्के वाचक तिथूनच येतात (अंदाजे हं, मोजायला गेले नाही). पण तिथे सावध राहा.

माझी भोगीच्या भाजीची कृती मी पूर्ण मजकूर टाकून ग्रुपवर दिली होती. दोन वर्षांनी संक्रांतीला माझ्याच मावशीने मला ती पाठवली. माझा फोटो, माझ्या ओट्याची तुटकी फरशी, आणि खाली 'लेखक अज्ञात'. त्यातलं 'आमच्या आईंची पद्धत' हे वाक्य तेवढं कापलेलं. मावशी म्हणते, बघ किती छान लिहिलंय, शिक काहीतरी.

तेव्हापासून मी सुरुवातीच्या चार ओळी आणि दुवा एवढंच टाकते.

पाटावरवंटा | २० मार्च, दुपारी १२:४०

मी याच्या अगदी उलट. चार ओळी टाकून 'पुढे वाचा' म्हटलं की लोकांना ते जाहिरातीसारखं वाटतं. मी पूर्ण लेख टाकतो, मजकुराच्या मधोमध एका वाक्यात माझं नाव आणि गाव गुंफतो, शेवटी दुवा. शेवटची ओळ कापतात, मधलं वाक्य कापायला वाचावं लागतं, तेवढे कष्ट चोर घेत नाहीत. फोटोवर पण नाव कोपऱ्यात नको, भांड्याच्या कडेवर घाला.

मिसळवाली | २० मार्च, दुपारी १२:५२

पण मग ब्लॉगवर येतं कोण? ग्रुपवरच पोट भरतं त्यांचं.

पाटावरवंटा | २० मार्च, दुपारी १:०५

येतात. शंभरातले तीन. पण ते तीन परत येतात. आणि फॉरवर्डवर फार भिस्त नकोच. २०१८ पासून आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येतं, आणि फार फिरलेला मजकूर असेल तर २०२० पासून एकाच ठिकाणी.

दुवा टाकायच्या आधी तो स्वतःलाच पाठवून बघा. चौकटीत फोटो आणि शीर्षक आलं पाहिजे. लेखातला पहिला फोटो फार जड असेल तर नुसता निळा पत्ता दिसतो, त्यावर कुणी बोट ठेवत नाही.

वाढवा_भेटी | २० मार्च, दुपारी ३:००

*(हा प्रतिसाद संपादकांनी काढून टाकला आहे.)*

नळस्टॉप | २० मार्च, दुपारी ३:०३

अरेरे, पाचशे रुपयांत दहा हजार वाचक मिळत होते. सगळे सिंगापूरचे.

शुक्रतारा | २० मार्च, रात्री ८:१७

मी जरा वेगळं बोलणार आहे.

सगळे तिला सांगताय, लोक काय शोधतात ते लिही. तसं लिहिणारी हजार पानं आहेत. तीच कृती, तेच 'चला तर मग पाहूया'. मी काल 'लाटांशी गुज' पूर्ण वाचला. सुरुवातीचे सहा परिच्छेद, माफ करा, कुणीही लिहिले असते. चंद्र, वाळू, पायाखालून सरकणारं पाणी. पण सातव्यात आजी येते. बाजारातून तिसऱ्या आणल्या की ती दोन-दोन शिंपल्या कानाशी धरून एकमेकींवर वाजवायची. भरलेली असेल तर 'टक', आत चिखल असेल तर 'ठप्प'. चिखलाची एक जरी भांड्यात गेली की सगळं कालवण गेलं, म्हणून सगळ्या वाजवायच्या, शंभर असोत नाहीतर दोनशे, आणि तोवर घरात कुणी बोलायचं नाही.

हे मी कुठेही वाचलं नव्हतं. तिथे मी थांबले. आणि तुम्ही हिला पर्मालिंक शिकवताय.

कोडकरी | २० मार्च, रात्री ८:४५

शुक्रतारा, मान्य. पण बघा ना, 'तिसऱ्या चांगल्या कशा ओळखायच्या' असं शोधणाऱ्या माणसाला हवा आहे तो नेमका हाच परिच्छेद. तो सातव्या मजल्यावर आहे आणि दारावर पाटी 'लाटांशी गुज' अशी.

खाडीकाठची | २० मार्च, रात्री ११:२०

मुलगी झोपली, आता निवांत वाचलं सगळं. दोनदा वाचलं.

शुक्रताराताई, सहा परिच्छेदांचं लागलं थोडं, पण खरं आहे. मी ते लिहिताना 'लेखिका' झाले होते. आजीचं लिहिताना विसरले होते की मी काही लिहितेय.

तर ठरवलंय. त्या लेखाचे दोन करते. एकाचं नाव 'तिसऱ्या (शिंपल्या) घेताना आणि साफ करताना: आजीची टक-ठप्प पद्धत'. त्यात वाजवून बघणं, मग मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवणं म्हणजे वाळू सोडतात, तोंड उघडं असेल आणि टिचकी मारूनही मिटत नसेल ती टाकणं, विळीवर एकशिपी करणं (म्हणजे एक शिंप काढून मांस दुसरीत ठेवणं), सगळं फोटोंसकट. चंद्र-वाळू दुसऱ्यात, आई आणि बहिणीसाठी.

पाटावरवंटा | २१ मार्च, सकाळी ७:३०

फोटोत बोटं दिसू देत. एकशिपी करताना हात कसा धरायचा हे शब्दांत सांगता येत नाही. आणि तयार ताटाचा फोटो शेवटी, एकच.

दर्याकिनारो | २१ मार्च, सकाळी ९:१४

आणि वार बघून टाका लेख! सोमवार, गुरुवार, शनिवार निम्मं महाराष्ट्र मासे खात नाही. मंगळवारी संध्याकाळी टाकलात की बुधवारच्या बाजाराला उपयोगी. रविवारचा शुक्रवारीच टाका.

मिसळवाली | २१ मार्च, सकाळी ९:४०

वर्षाचंही तसंच. माझ्या ब्लॉगला श्रावणात उपासाचे पदार्थ तारतात, तुमचा श्रावणात ओस पडणार. गणपतीतही तेच. नंतर मार्गशीर्षातले गुरुवार. घाबरू नका, तो तुमचा दोष नाही, पंचांगाचा आहे.

दर्याकिनारो | २१ मार्च, सकाळी ९:५५

बरोबर. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा बाजारात खाडीची मासळी, गोड्या पाण्याची, नाहीतर बर्फातली. लोक विचारतात, आता काय घ्यायचं? तो लेख मे महिन्यात तयार पाहिजे. त्याच्याही आधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायची सुकी मासळी. सोडे, बोंबील, सुकट कशी निवडायची, पावसात बुरशी न येता कशी ठेवायची. लोक मे मध्ये भरतात. गुगलला जर महिना लागत असेल तर तो लेख तुम्हाला आता, एप्रिलच्या सुरुवातीला टाकावा लागेल.

कोडकरी | २१ मार्च, सकाळी १०:१०

दर्याकिनारो, तुम्ही माझ्या कंपनीत या. मी गंभीरपणे म्हणतोय.

शुक्रतारा | २१ मार्च, सकाळी १०:३२

यंदा गटारी ४ ऑगस्टला, रविवारीच आहे. त्या आठवड्याचं मी सांगायला नको.

जुनीवही | २१ मार्च, दुपारी ४:००

आणखी एक. दिवाळी अंकांसाठी साहित्य जुलै-ऑगस्टपर्यंत मागवतात. मोठ्या अंकांचे सोडा, जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणारे कितीतरी अंक नव्या लेखकाचे मनापासून वाचतात. आजीचा तो तुकडा तिथे पाठवा. परिचयात ब्लॉगचा पत्ता छापून येतो. माझ्या वहीतले बारा पत्ते एका छापील लेखामुळे आले आहेत. त्यातले एक गृहस्थ सोलापूरचे, ते अजूनही पोस्टकार्ड पाठवतात.

एकमेकांच्या ब्लॉगवर जाऊन 'छान, आवडले' असे लिहीत सुटण्यात मात्र वेळ घालवू नका. आम्ही तेही केले. 'अहो रूपम् अहो ध्वनिम्' होते, वाचक वाढत नाहीत. दुसऱ्याच्या लेखात भर पडेल असे चार ओळी लिहिण्यासारखे असेल तरच लिहावे.

खाडीकाठची | १२ मे २०२४, रात्री १०:५५

धागा वर काढतेय, हिशेब द्यायचा होता.

मार्चच्या शेवटी तिसऱ्यांचा नवा लेख टाकला. १० एप्रिलपर्यंत काहीच नाही. मग एके दिवशी सर्च कन्सोलवर एक रेघ उगवली: दिसला ९ वेळा, उघडला १ वेळा. तो एक माणूस कोण असेल याचा मी दिवसभर विचार करत होते.

आता रोज चाळीस-पन्नास भेटी, सिंगापूर वगळून. जास्त कशावर, सांगू? आगोटीच्या लेखावर. 'सोड्यांना वास येतो काय करावे' असं शोधून माणसं येतात. रोमन लिपीतलेच शब्द जास्त, एडिसनकरताई. आणि 'पेडवे म्हणजे तारली का' हा प्रश्न इतक्या जणांनी टाकलाय, की मी नुसत्या नावांचं एक पान केलं, मासा एक आणि गावागावची नावं. गेल्या वर्षी सप्टेंबरात पापलेटला राज्य मासा केलं ना, ते पण त्यात घातलं, शाळेतली मुलं शोधतात म्हणून. मुळ्यांपुढे 'याबद्दल मतभेद आहेत' असं लिहिलंय.

'आठवणींची भरती' अजून कुणी वाचत नाही. पण तिसऱ्यांच्या लेखाखाली मी त्याचा दुवा दिलाय, तर शंभरातले दोघं-तिघं पुढे जातात. पाटावरवंटादादा म्हणाले होते तेवढेच.

रत्नांग्रीकर | १२ मे, रात्री ११:१५

मतभेद काही नाहीत, पण असो.

मिसळवाली | १३ मे, सकाळी ८:०५

अभिनंदन गं! त्या एका माणसाचा दिवसभर विचार… माझंही अगदी असंच झालं होतं.

खाडीकाठची | १९ ऑगस्ट २०२४, रात्री ९:३०

आज नारळी पौर्णिमा. ठरल्याप्रमाणे श्रावणात ब्लॉग ओस, रोजच्या भेटी परत वीसवर. गटारीच्या आदल्या दिवशी, शनिवारी मात्र ६०४ झाल्या होत्या. त्या दिवशी मी नवऱ्याला उठवलं नाही, तोच जागा राहून बघत होता. आजीचा लेख एका दिवाळी अंकाला पाठवलाय, अजून उत्तर नाही.

आनंदी_सातारा | २५ सप्टेंबर २०२४, संध्या. ७:४८

नमस्कार, मी इथे नवीन आहे, विषय सोडून असेल तर माफ करा. खाडीकाठच्या ताईंच्या ब्लॉगवरून इथवर आले. तिथे प्रतिक्रिया लिहायचा खूप प्रयत्न केला, पण मोबाईलवर चौकटीत टाइप केलं की पान वर जातं आणि लिहिलेलं पुसलं जातं. तीन वेळा झालं. म्हणून इथे सदस्य झाले.

ताई, पहिल्यांदाच तिसऱ्या आणल्यात. तुमच्यासारख्या वाजवल्या, सगळ्या 'टक' आल्या. एकशिपी करायचं धाडस झालं नाही म्हणून वाफवतेय. दहा मिनिटं झाली, बाकीच्या उघडल्या पण दहा-अकरा अजून मिटलेल्याच आहेत. सुरीने उघडू का? गॅस चालू आहे.

खाडीकाठची | २५ सप्टेंबर, संध्या. ७:५१

नका उघडू! त्या टाकून द्या, उघडत नाही ती खायची नाही. गॅस बंद करा, जास्त शिजल्या की रबर होतात. आणि खालचं पाणी फेकू नका, गाळून कालवणात घाला. मीठ बेताने, त्या पाण्यात असतंच.

आनंदी_सातारा | २५ सप्टेंबर, संध्या. ७:५३

केला बंद. अकरा होत्या, टाकल्या.

कोडकरी | २५ सप्टेंबर, रात्री ८:२०

खाडीकाठच्या ताई, ती प्रतिक्रियांची चौकट लेखाखाली 'एम्बेडेड' ठेवलेली दिसते. सेटिंग्जमध्ये टिप्पण्या, त्यात स्थान, ते 'पूर्ण पान' करा आणि आधी स्वतःच्या मोबाईलवरून लिहून बघा. आणखी किती जण असे लिहून, पुसलं जाऊन निघून गेले असतील कुणास ठाऊक.

खाडीकाठची | २५ सप्टेंबर, रात्री ८:२६

अरे देवा. म्हणजे परत कडी.

करते आत्ता. आनंदीताई, कालवण कसं झालं ते सांगा, पण थोड्या वेळाने सांगा, चौकट दुरुस्त करून ठेवते, तिथेच लिहा.